नकार कोणाचा आणि कोणासाठी?



मुलुंड, भांडुप, घाटकोपर, गोरेगाव, मालाड, बोरिवली या उपनगरांत आपल्या समाजाची वस्ती मोठी आहे. कोणी डोंगराच्या उतारावर राहतो, कोणी नाल्याच्या काठी, कोणी म्हाडाच्या चाळीत, तर कोणाला आता इमारतीत पक्के घर मिळाले आहे. या सर्व वस्त्यांच्या मधोमध एक जंगल उभे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे त्याचे सरकारी नाव. जुनी माणसे त्याला अजून नॅशनल पार्क किंवा बोरिवलीचे जंगल म्हणतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. त्यात तुळशी व विहार हे तलाव आहेत, बिबटे आहेत, वारली आणि मल्हार कोळी यांचे पाडे आहेत, आणि आपल्या सर्वांच्या ओळखीची कान्हेरीची लेणी आहेत.

या जंगलाखालून आता रस्ता जात आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता या नावाने मुंबई महानगरपालिकेने हाती घेतलेला हा मार्ग सुमारे १२ किलोमीटरचा असून त्यात उद्यानाच्या पोटातून जाणारे सुमारे पावणेपाच किलोमीटरचे जोडबोगदे आहेत. त्याच्या उत्तरेला ठाणे-बोरिवली असा दुसरा जोडबोगदा प्रदेश विकास प्राधिकरण करीत आहे. दोन्ही बोगद्यांच्या कामाचा आरंभ १३ जुलै २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाला. गोरेगावहून मुलुंडला जाण्यास आज जो सव्वा तास लागतो, तो पंचवीस मिनिटांवर येईल असे सरकार सांगते.

या रस्त्याच्या बाजूने बोलणारे आहेत, विरुद्ध बोलणारेही आहेत. उद्या तुमच्या दारात दोन्हीकडची माणसे सहीचा कागद घेऊन उभी राहतील. तेव्हा तुम्ही काय कराल? शेजारी सही करतो म्हणून सही कराल, की पुढारी नको म्हणतो म्हणून नको म्हणाल? बुद्धाने कालामांना सांगितले ते आपण दर पौर्णिमेला ऐकतो. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका. ते हितकारक आहे की अहितकारक हे स्वतः तपासा. रस्ता आणि जंगल यांचा प्रश्नही याच कसोटीवर घासून पाहावयाचा आहे. त्यात एक अधिक कठीण प्रश्न दडलेला आहे. एखादी स्थानिक सभा, म्हणजे नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायत, जेव्हा वरून आलेल्या योजनेला "नाही" म्हणते, तेव्हा तो नकार नीतीचा आहे हे आपण कशावरून ओळखावे?

स्थानिक म्हणजे पवित्र नव्हे

आजकाल असे म्हणण्याची रीत पडली आहे की, स्थानिक लोकांनी ठरविले म्हणजे ते योग्यच. हे ऐकावयास गोड आहे. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी स्थानिक निर्णयांची फळे चाखली आहेत, त्यांनी तरी ते डोळे मिटून मान्य करू नये. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत पूज्य बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाची जी परखड चिकित्सा केली, ती याच अनुभवातून. खेड्याला राज्याचा पाया मानावे असे अनेकांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी पाया मानला तो व्यक्तीला. कारण स्थानिक सत्ता कोणाच्या हातात असते, विहिरीवर कोण चढू शकतो आणि कोण चढू शकत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर झालेले काम चांगलेच होते. पण कागदाला पाणी लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी ओंजळीने ते पाणी घेतले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! ठराव करणारी सभा तीच, मागे घेणारी सभा तीच, दोन्ही वेळी स्थानिकच. मधल्या काळात बदलले ते एवढेच की, ज्यांच्यासाठी तळे खुले केले होते ते खरोखर तळ्यावर आले. पुढे १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला.

यातून बोध काय घ्यावयाचा? स्थानिक सभेच्या "होय"ला किंवा "नाही"ला केवळ ती स्थानिक आहे म्हणून नीतीचे बळ येत नाही. नकाराने कोणावर भार पडतो हे पाहिले पाहिजे. महाडच्या नगरपालिकेचा नकार बळवंतांनी दुर्बळांना दिलेला होता. म्हणून तो अधम्म होता.

आणि स्थानिक म्हणजे क्षुद्रही नव्हे

पण याचा उलटा अर्थ काढून, वरच्या सरकारने ठरविले ते सर्व योग्य आणि खालच्या सभेचा विरोध म्हणजे अडाणीपणा, असे समजणेही चुकीचे ठरेल.

अमेरिकेतील मेंफिस शहराची हकीकत आपण सर्वांनी माहीत करून घेण्यासारखी आहे. त्या शहराच्या मध्यभागी ओव्हरटन पार्क नावाचे मोठे उद्यान असून त्यात जुने अरण्य आहे. त्यातून सहापदरी राष्ट्रीय महामार्ग नेण्याचा बेत होता. मार्च १९६८ मध्ये तेथील नगर परिषदेने दुसरा मार्ग शोधावा असा ठराव केला. महिना उलटतो न उलटतो तोच केंद्राच्या महामार्ग अधिकाऱ्यांशी बोलणी झाली आणि एप्रिलमध्ये परिषदेने आपले मत फिरविले. महाडची आठवण यावी असाच हा प्रकार! मग काही नागरिक न्यायालयात गेले. १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुसरा शक्य आणि शहाणपणाचा मार्ग असेल तर सार्वजनिक उद्यानातून महामार्ग नेता येणार नाही. तो महामार्ग त्या उद्यानातून कधीच गेला नाही.

त्याच शहरात, त्याच एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला हे तुम्हांला ठाऊक असेल. ते तेथे कशासाठी गेले होते? कचरा उचलणाऱ्या काळ्या कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले तेव्हा तो संप पेटला होता आणि शहराचा मेयर कामगारांच्या संघटनेला मान्यता देण्यास तयार नव्हता. ज्या शहराच्या सभेला महामार्गवाल्यांना दिलेला नकार महिनाभर टिकविता आला नाही, त्याच शहराच्या मेयरला सफाई कामगारांना दिलेला नकार मात्र दोन महिने टिकविता आला. नकार देण्याची ताकद नसते असे नाही; ती कोणापुढे संपते आणि कोणापुढे वाढते, हे पाहावे.

आपल्या शहरात काय घडले?

आता घरी या. आरेची हकीकत तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत मेट्रोची कारशेड बांधावयाची होती. त्यासाठी २६४६ झाडे हलविण्याचा किंवा तोडण्याचा प्रस्ताव महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे आला. २९ ऑगस्ट २०१९ रोजी मतदान झाले, ८ विरुद्ध ६ असे. नकार देणारे सहा जण महापालिकेत सत्तेवर असलेल्या पक्षाचेच होते, तरी ते हरले. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. विरोध करणारी तरुण मुले-मुली तुरुंगात गेली. त्यांत आरेच्या पाड्यांतली मुलेही होती.

येथे महापालिकेच्या सत्ताधाऱ्यांचा नकार स्पष्ट होता. पण त्याच महापालिकेने त्याच जंगलाखालून स्वतःचा जोडरस्ता आखला, तेव्हा तो नकार कोठे गेला? मेट्रो राज्याची आणि केंद्राची, म्हणून तिची कुऱ्हाड वाईट. रस्ता महापालिकेचा, म्हणून त्याची कुऱ्हाड विकासाची! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही. याचा अर्थ दोन्ही कामे सारखीच आहेत असे नव्हे. उद्यानाच्या पृष्ठभागावरून रस्ता न नेता खोलवर बोगदा करावा असे ठरले, हे झाडांच्या आणि जनावरांच्या दृष्टीने निश्चितच बरे झाले आणि ते मान्य केले पाहिजे. परंतु बोगद्याला तोंडे असतात. एक तोंड गोरेगावच्या चित्रनगरीच्या आवारात आहे, तर दुसरे मुलुंड-भांडुपच्या बाजूला खिंडीपाड्याकडे. तेथे झाडे आहेत आणि माणसांची घरेही आहेत. आरेत आपल्या परवानगीवाचून झाड तोडू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत बजावले आणि जुलैमध्ये बोगद्याच्या तोंडासाठी ९५ झाडे तोडण्यास परवानगी दिली. म्हणजे झाडाझाडाचा हिशोब देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला करावा लागला. तो हिशोब प्रथम आपल्या नगरसभेत व्हावयास नको होता काय?

पण त्या काळात नगरसभा होतीच कोठे? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत सर्व कारभार प्रशासकाने पाहिला. जवळजवळ चार वर्षे २२७ प्रभागांतल्या माणसांचा एकही निवडलेला प्रतिनिधी सभागृहात नव्हता. हजारो कोटींचे ठेके याच काळात दिले गेले. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले आणि अनुसूचित जाती, जमाती व स्त्रिया यांच्यासाठी राखीव जागा आल्या. सभा नसते तेव्हा या जागाही रिकाम्या असतात. श्रीमंताला नगरसेवकाची फारशी गरज नसते. त्याला अधिकाऱ्याच्या खोलीचे दार ठाऊक असते. ती गरज आपल्याला असते. म्हणून सभा वाईट असली तरी ती नसणे हे त्याहून वाईट.

जंगलाचा कैवार आणि गरिबाचे घर

येथे तुमच्यापैकी कोणी रागाने म्हणेल, "जंगलाचे आम्हांला काय सांगता? त्याच जंगलाच्या नावाने आमची घरे पाडली." हा राग अन्यायाचा नाही. १९९५ मध्ये पर्यावरणाच्या एका संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली. मे १९९७ मध्ये न्यायालयाने उद्यानाच्या हद्दीतील झोपड्या हटविण्याचा आदेश दिला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो घरांवर बुलडोझर फिरले. १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा ज्याच्याकडे तो पात्र आणि ज्याच्याकडे नाही तो अपात्र. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाने कागद कोठे जपून ठेवावा? काहींना पुढे चांदिवलीत घरे मिळाली; अनेकांना काहीच मिळाले नाही.

ज्या शहराने झोपडीला सांगितले की जंगल पवित्र आहे, त्यात तुझी चूलही चालणार नाही, तेच शहर मोटारीला सांगते की जंगलाखालून जा, आम्ही वाट करून देतो. हा विरोध डोळ्यांत भरणारा आहे. पण त्यावरून "मग जंगलही जाऊ द्या" असा निष्कर्ष काढणे म्हणजे आपल्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने करणे होय. पाडे आजही तेथे आहेत. आपली घरे गेली म्हणून वारल्याचे घर जावे, असे आपण म्हणणार काय? महाडचे तळे आपल्याला नाकारले म्हणून आपण तळे बुजविण्याची मागणी केली नाही. आपण तळ्यावर हक्क सांगितला. जंगलाबाबतही आपली भूमिका हीच असली पाहिजे. जंगल आपलेही आहे, आणि म्हणून त्याच्या रक्षणात आपलाही शब्द चालला पाहिजे.

शिवाय जंगलाचे मोल आपल्याला केवळ हवेपुरते नाही. मिठी नदी विहारच्या सांडव्यातून वाहते आणि दहिसर नदी तुळशीच्या बाजूने येते; पोईसर आणि ओशिवरा यांचा उगमही याच डोंगरांत आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा पाणी कोणाच्या घरात प्रथम शिरले? नदीच्या काठी, नाल्याच्या कडेला, सखल जागी जो राहतो त्याच्या. डोंगर उघडा झाला म्हणजे पाणी वेगाने खाली येते, माती सरकते, आणि तिच्याखाली प्रथम गरिबाचा पत्रा दबतो. हे आहे म्हणून ते होते आणि हे नाहीसे झाले की तेही नाहीसे होते, असा कार्यकारणाचा नियम भगवंतांनी सांगितला. तो मनाला लागू आहे तसा डोंगराला, नदीला आणि झोपडपट्टीलाही लागू आहे.

रस्ता आपल्याला नको आहे काय?

असेही कोणी विचारील की, धम्म रस्त्यांच्या विरुद्ध आहे काय? मुळीच नाही. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेने वड लावले, आंबराया लावल्या, विहिरी खोदल्या आणि ते शिलेवर कोरून ठेवले. माणसाला व जनावराला सावली आणि पाणी मिळावे हा त्याचा हेतू होता. त्याच अशोकाने अनेक प्राण्यांना अभय दिले आणि विनाकारण अरण्ये जाळू नयेत अशी आज्ञा केली. त्याच्या लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यातही सापडले आहेत. कान्हेरीचा विहारही वाटेपासून तुटलेला नव्हता. सोपारा आणि कल्याण या बाजारपेठांतल्या व्यापारी आणि कारागीर उपासकांच्या दानाने तो वाढला. शंभराहून अधिक लेणी तेथे खोदली गेली, शेकडो वर्षे भिक्खू राहिले, पावसाचे पाणी दगडातल्या टाक्यांत साठवून प्याले, आणि तरीही डोंगर डोंगरच राहिला.

येथे वर्षावासाची गोष्ट आठवते. आपल्या घरोघरी वर्षावासात "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे वाचन होते. पण वर्षावासाचा नियम झाला कसा? विनयात सांगितले आहे की, भिक्खू पावसाळ्यातही फिरत, तेव्हा लोकांनी तक्रार केली की, हे हिरवे गवत तुडवितात, बारीक जीव मारतात. पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरट्यात बसतात, मग यांना थांबता येत नाही काय? भगवंतांनी तक्रार करणाऱ्यांना अडाणी म्हटले नाही. बहुजनांच्या हितासाठी फिरणे हे तर संघाचे कार्यच होते. तरीही त्यांनी तीन महिने थांबण्याचा नियम केला. जगाच्या कल्याणासाठी चालणाऱ्या पायांनाही मर्यादा असू शकते, आणि ती मर्यादा गावच्या साध्या माणसांच्या सांगण्यावरून येऊ शकते, हे संघाने अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य केले. आमच्या महानगरांना ते अजून जमलेले नाही!

तेव्हा रस्ता हवा की नको, एवढ्यावर प्रश्न संपत नाही. कोणाच्या पायांसाठी वाट, आणि ती कोणत्या गवतावरून, हा खरा प्रश्न आहे. आपली बहुतेक माणसे लोकलने आणि बसने जातात. मुंबईतले अलीकडचे दोन मोठे मार्ग पाहा. सागरी किनारा मार्गावर आणि अटल सेतूवर दुचाकीला व रिक्षाला बंदी आहे. मग बोगद्यातून बेस्टची बस जाईल काय, किती वेळाने जाईल, तिचे भाडे काय असेल, हे विचारणे आपला हक्क आहे. मुलुंडच्या आजारी म्हाताऱ्याला गोरेगावच्या दवाखान्यात पंचवीस मिनिटांत पोहोचता आले तर त्या रस्त्यात करुणा आहे असे मी म्हणेन. परंतु रस्ता झाला आणि त्यावर केवळ मोटारी वाढल्या, तर काही वर्षांत तोही तुंबेल आणि मग कोणी म्हणेल की, जंगलातून आणखी एक काढा. अशा मागणीला तृष्णा म्हणतात. तिचे पोट भरत नाही.

रोहिणीच्या काठचा नकार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नीतीचा नकार कसा ओळखावा? याचे उत्तर आपल्याला सिद्धार्थाच्या चरित्रात मिळते. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. शाक्य संघ म्हणजे त्या काळची स्थानिक सभाच, आणि सिद्धार्थ तिचा सभासद होता. त्याने विरोध केला. परंतु तो नुसता नाही म्हणून बसला नाही. आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा, अशी उपसूचना त्याने मांडली. मतदान झाले आणि तो हरला. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला, तेव्हा आदल्या दिवशी त्याच्या बाजूने मत देणारेही गप्प बसले. सिद्धार्थ एकटा उभा राहिला. संघाने कुटुंबावर बहिष्कार टाकण्याची आणि जमिनी जप्त करण्याची धमकी दिली, तेव्हा तो म्हणाला की, शिक्षा मला करा, माझ्या माणसांना नको. त्याने परिव्रज्या पत्करली. तो गेल्यावर शाक्यांना आणि कोलियांना पश्चात्ताप झाला आणि अखेर दोघांनी वाटाघाटीने वाद मिटविला. म्हणजे सभेत हरलेली उपसूचनाच शेवटी जिंकली.

या कथेत नीतीच्या नकाराची सर्व अंगे आहेत. त्या नकाराचा भार सिद्धार्थाने स्वतःच्या खांद्यावर घेतला, दुबळ्यावर टाकला नाही. त्याच्याजवळ दुसरा मार्ग तयार होता. आणि बहुमत गेले म्हणून सत्य गेले असे त्याने मानले नाही. तसेच बहुमत गेले म्हणून सभाच मोडून टाकावी असेही केले नाही.

ही मोजपट्टी घेऊन आपल्या शहरातले नकार मोजा. जो बंगल्यात बसून जंगल वाचवा म्हणतो, पण झोपडीला त्याच जंगलाच्या कडेला जागा नको म्हणतो, त्याच्या नकाराचा भार दुसऱ्यावर आहे. जो पक्ष दुसऱ्याच्या कुऱ्हाडीला विरोध करतो आणि स्वतःची परजतो, त्याचा नकार सोयीचा आहे. पण आरेच्या पाड्यावरची जी बाई आपली भाजी, आपली विहीर आणि आपले झाड यांच्यासाठी उभी राहते आणि त्यापायी पोलिसांच्या गाडीत चढते, तिच्या नकारावर मला शंका घेता येत नाही. ती सभेत नसली तरी सभेने तिच्याकडून शिकावे.

आपण काय करावे?

म्हणून बंधुभगिनींनो, सहीचा कागद आला म्हणजे घाईने सही करू नका आणि घाईने फाडूही नका. रस्त्याच्या बाजूने येणाऱ्याला विचारा: ज्यांची घरे जातील त्यांना घर पाडण्यापूर्वी घर मिळेल काय, आणि ते कोठे? बस जाईल काय? झाडे तोडून दुसरीकडे लावू म्हणता, ती जगली की नाही हे कोण पाहणार? विरोधाच्या बाजूने येणाऱ्यालाही विचारा: आमच्या म्हाताऱ्याने दवाखान्यात कसे जावे, याचे तुमच्याजवळ काय उत्तर आहे? पाड्यांच्या आणि झोपड्यांच्या हक्कासाठीही तुम्ही असेच उभे राहाल काय? ज्याच्याजवळ उत्तर आहे त्याच्याबरोबर जा.

१९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने झाडे तोडण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती ऐकून घेण्याची तरतूद केली आहे. अशी नोटीस झाडावर किंवा वर्तमानपत्रात लागते. ती वाचा, विहारात मोठ्याने वाचून दाखवा आणि हरकत असेल तर लेखी द्या. लिहिता न येणाऱ्या आईसाठी मुलाने लिहावे. आपला नगरसेवक निवडून आला आहे. तो सभागृहात काय बोलला, कोणत्या बाजूने हात वर केला, हे त्याला विहाराच्या अंगणात बोलावून विचारा. महाडचा ठराव केवळ कागदावर होता तोवर तो कोणालाच खुपला नाही. माणसे ओंजळ घेऊन खाली उतरली, तेव्हा तो खरा होता की खोटा ते कळले. तुमच्या नगरसभेच्या होकाराची आणि नकाराची परीक्षाही तुम्ही तेथे जाऊन उभे राहिल्यावाचून होणार नाही.

जय भीम!